जेरोम मासे पकडत नव्हता

२१ सप्टेंबर १९९७, रविवार. सकाळचा चहा झाल्यावर मी मेसच्या मागे बादलीत कोमट पाणी आणि थोडा अंगाचा साबण घेऊन फ्लाय लाइन धूत बसले होते. लाइनवर नदीचा गाळ बसला की ती जड होते आणि फेकताना मध्येच मान टाकते. म्हणून महिन्यातून एकदा ती रिळावरून पूर्ण उतरवायची, धुवायची, फडक्याने पुसायची आणि सावलीत वाळत टाकायची. त्या दिवशी मी ती कपड्यांच्या दोरीवर टाकली. पिवळी लाइन, वेटोळ्यांनी. रिळावर खालचा बारीक विणलेला दोरा तेवढा राहिला. त्याला बॅकिंग म्हणतात.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये कॅप्टन होते. हिमाचलमधल्या एका नदीच्या काठी आमचा सप्लाय पॉइंट होता. वरच्या ठाण्यांना पीठ, डाळ, केरोसीन खेचरांवरून पाठवायचं, हे काम. चाळीसेक माणसं, एक सुभेदार, दोन ट्रक, एक जीप आणि ऑफिसर मी एकटी. माझे ओसी, म्हणजे वरिष्ठ मेजर, खोऱ्याच्या तोंडाशी असत. जीपने अर्धा दिवस लागे.

मला आज लोक दोनच प्रश्न विचारतात. बाई असून फौजेत कशा गेलात, आणि फ्लाय फिशिंगला सामान कोणतं घ्यावं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: अर्ज करून. दुसऱ्याला जरा वेळ द्यावा लागतो.

रॉडवर भाळू नका. दुकानदार रॉड दाखवतो, कारण तो चकाकतो. पैसे लाइनवर घाला. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते पुढे जातं आणि दोरा मागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलट. टोकाला असतो पिसाचा आणि दोऱ्याचा बांधलेला खोटा किडा, त्याला वजन नसतंच. वजन लाइनला असतं, तीच हवेत मागे-पुढे झुलवून फेकायची. ट्राउटसाठी नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड पुष्कळ झाला. पाण्यात उतरायला छातीपर्यंतची रबरी पॅन्ट मिळते, वेडर्स. तिच्या बुटांना खाली नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर हवा, नाहीतर शेवाळलेल्या दगडावर तुम्ही आडवे. कमरेला पट्टा घट्ट हवा, म्हणजे पडलात तरी पॅन्टीत पाणी भरत नाही. यात तडजोड नाही.

माझा रॉड आणि वेडर्स बदलीवर निघालेल्या एका मेजरकडून घेतलेले. बायकांच्या मापाचे वेडर्स तेव्हा आपल्याकडे कोणी विकत नव्हतं. मी खांद्याचे पट्टे गाठ मारून आखूड करायची आणि बुटांत दोन-दोन मोजे घालायची. त्या मेजरने मला हेलिपॅडवर उभं करून फेकायला शिकवलं. टोकाला लोकरीचा तुकडा. तो म्हणे, "मनगट नको. कोपरापासून. आणि मागे लाइन सरळ होईपर्यंत थांबा." थांबणं हीच सगळी विद्या आहे.

जीपचा ड्रायव्हर होता नाईक जेरोम. वसईच्या पाचूबंदरचा, ख्रिस्ती कोळी. मी तुळिंजची. आमचं घर म्हणजे नालासोपाऱ्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, वडील नोकरदार. इतक्या लांब गाववाला भेटला की रँक थोडी सैल होते. जीपमध्ये आम्ही मराठी बोलायचो.

पहिल्यांदा मी ट्राउट पकडून परत पाण्यात सोडला, तेव्हा तो काठावर उभा होता. त्याने डोक्याला हात लावला.

"मॅडम, सोडला?"

"लहान होता."

"लहान होता तर तललाच असता, कुरकुरीत. सोडायला पकडतात? आमच्या आईला कललं ना, तर मना तुमच्या जीपवर ठेवनार नाय."

"तुमच्यात जाळ्यात शेकड्याने येतात. इथे एकेकाची ओळख करून घ्यावी लागते."

"ओलख करून घेऊन मग सोडून द्यायचा. तुलिंजचे लोक मासा बाजारातच बघतात, म्हनून असं होतं."

तरी तो दर रविवारी यायचा. मेसच्या कोंबड्याच्या मानेची पिसं तोच जमवायचा. कोंबडा जिवंत असताना. कूक त्याच्यावर खवळायचा. त्याच्या मोठ्या बोटांनी तो माझ्यापेक्षा सुबक किडे बांधायचा, पण रॉड हातात घ्यायचा नाही. म्हणायचा, "काठी घेऊन मास्तर मासे धरतात." कधी मन झालंच तर दोऱ्याला लोखंडी नट बांधून, डोक्याभोवती गरागरा फिरवून पार पलीकडच्या काठाला मारायचा. त्याच्या घरी खडकावरून असंच गरवतात. फेक माझ्या दुप्पट जायची. मासा अर्थात एकही लागला नाही, कारण ट्राउट अशा धोंडाफेकीला पळून जातो. मी ते त्याला ऐकवायची. तो म्हणायचा, "लांब गेला ना? बस."

त्या सकाळी नऊच्या सुमाराला रेडिओ बोलला.

"राशन पार्टी, राशन पार्टी. पुल गया. आगे का भी, पीछे का भी. हम बीच में हैं. ओव्हर."

वरच्या ठाण्याहून परतणारे दोन जवान आणि एक खेचर. आमच्या वरच्या अंगाला नदी दोन फाट्यांत वाहते, मध्ये गोट्यांचा उंचवटा. त्यावरून जायला दोन्ही बाजूंना ओंडक्यांचे पूल. रात्री वर कुठेतरी पाऊस कोसळला असावा. आमच्याकडे ऊन होतं.

"पानी कितना? ओव्हर."

"बढ रहा है, मॅडम. बैठने की जगह है अभी. ओव्हर."

मी ओसींना सेटवर घेतलं. ते म्हणाले, "इंजिनिअर्स संध्याकाळपर्यंत पोचतील. तोवर थांबता येईल?"

"नाही, सर."

"मग तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आउट."

आम्ही ट्रक आणि जीप घेऊन गेलो. उंचवटा निम्मा उरला होता. पाणी चहाच्या रंगाचं आणि त्यात फांद्या. जवानांनी खेचराचं ओझं काढून त्याला मोकळं सोडलं होतं. ते उडी मारून वाहत गेलं आणि खालच्या वळणाला स्वतःच बाहेर येऊन चरायला लागलं. माणसांना ते जमण्यासारखं नव्हतं.

दोर पलीकडे न्यायचा होता. सुभेदारांनी दगड बांधून दोर फेकून पाहिला. भिजलेला दोर जड, अर्ध्यावर पडला. पॅराकॉर्डला, म्हणजे पॅराशूटच्या बारीक दोरीला, दगड बांधला, तीही कमी पडली आणि वाऱ्याने खाली गेली. आधी काहीतरी बारीक पलीकडे जायला हवं, त्याला पॅराकॉर्ड, त्याला दोर. मी जीप पाठवून रीळ मागवलं. जेरोम रिळाबरोबर माझे वेडर्सही घेऊन आला.

"हे कशाला?"

"इथून नाय पोचनार, मॅडम. तो सपाट खडक दिसतो ना? तिथून पोचेल. कमरेपर्यंत पानी आहे, बर्फाचं. बूट तुमचेच पाहिजेत, नमद्याचे. मना बसतात."

त्याला खरंच नेमके बसले. मी कमरेचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. पाठीकडून छातीला दोर बांधला, त्यावर चार माणसं. लाइफ जॅकेट आमच्या स्टोअरमध्ये नव्हती. मागणी दोनदा गेली होती.

"रॉड नाही उपयोगाचा," मी म्हटलं. "वजन फेकता येत नाही त्याने."

"रॉड कोनाला पाहिजे? नट द्या."

ट्रकच्या टूलकिटमधला नट त्याने बॅकिंगच्या टोकाला बांधला. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "जा."

फौजेत याला हुकूम म्हणतात.

तो खडकावर पोचला. पहिली फेक खाली गेली. दुसरीला पलीकडच्या माणसाच्या हाताला दोरा चाटून गेला. तिसरी त्यांनी धरली. पॅराकॉर्ड गेली, मग दोर. त्यांनी तो मोठ्या धोंड्याला बांधला, आम्ही ट्रकच्या हुकाला. पण मध्ये सपाट खडकाच्या धारेवर दोर घासत होता. जेरोमने तो खांद्यावर उचलून धरला.

"जेरोम, काम झालं. परत ये."

"दोर कापेल, मॅडम. ते येऊ देत."

पहिला जवान आला. दुसरा आला. दुसऱ्याला काठावर ओढला तेव्हा जेरोमने खांद्यावरचा दोर सोडला आणि वळला. वरून ओंडका आला. सुभेदार ओरडले. ओंडका जेरोमला कमरेत लागला. आम्ही छातीचा दोर ओढला. दोर दोन धोंड्यांच्या फटीत अडकला होता आणि जेरोम पाण्याखाली होता. मी दोर तोडायला सांगितला. खालच्या वळणावर, खेचर चरत होतं तिथे, त्याला बाहेर काढला. छाती दाबली, तोंडाने हवा दिली. नर्सिंग असिस्टंटने माझा हात धरून थांबवेपर्यंत देत होते.

वेडर्समध्ये पाणी भरलं नव्हतं. पट्टा घट्टच होता.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला आणि सेटवर वाचून दाखवला. पण जेरोमच्या घरी जायचा सिग्नल, म्हणजे तार, त्याआधीच ओसींच्या ऑफिसातून गेला होता. नदीत मासे पकडत असताना बुडून मृत्यू. कोणीतरी "रविवार, वेडर्स, फिशिंग रील" एवढं ऐकलं आणि वाक्य पुरं केलं. शव घेऊन सुभेदार वसईला गेले. मला पॉइंट सोडायची परवानगी मिळाली नाही.

परत आल्यावर ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"क्या हुआ, साहेब?"

"मॅडम, वहाँ लोग हँस रहे थे. मुँह पे नहीं, पीछे. मछुआरे का लडका, नदी में डूबा, मछली पकडते हुए." आणि मग, "माँ ने मुझसे पूछा. मैंने कहा नहीं. उन्होंने तार दिखाया."

ज्या घरात माणसं आठ-आठ दिवस समुद्रात असतात, तिथे हे कसं ऐकू जातं ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. पाचूबंदरची कोळीण मासळीच्या पाटीसमोर बसून जगते. तिच्यासमोर उभं राहणारं प्रत्येक गिऱ्हाईक आता तेच बोलणार होतं.

दोन आठवड्यांनी कोर्ट ऑफ एन्क्वायरी, म्हणजे फौजी चौकशी बसली. बाहेरच्या युनिटचे एक लेफ्टनंट कर्नल अध्यक्ष. आदल्या दिवशी ओसींनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. चहा मागवला.

"सिग्नल गेलाय तो गेलाय," ते म्हणाले. "रविवार होता. तो दर रविवारी तुमच्याबरोबर नदीवर असायचा, सगळ्यांना माहीत आहे. दोन जवान दोराने निघाले, ते वेगळं लिहू. हा अपघात वेगळा."

"वेगळा नव्हता, सर."

"तुम्ही हुकूम दिला म्हणालात तर पहिला प्रश्न, लाइफ जॅकेटशिवाय माणूस पाण्यात कसा घातला? तुमच्या नोकरीचं एक्स्टेन्शन पुढच्या वर्षी आहे. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"तो मासे पकडत नव्हता."

"कॅप्टन, त्याने तुमचे वेडर्स घातले होते. हातात तुमचं रीळ होतं."

"म्हणूनच सांगतेय. सामान माझं आहे. ते कशाला वापरतात, मला माहीत आहे."

चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी रीळ कोर्टापुढे टेबलावर ठेवलं. दोऱ्याच्या टोकाला नट होता तसाच. मी तो सोडला नव्हता. शेजारी दोरीवरून काढून आणलेली पिवळी लाइन ठेवली.

अध्यक्ष म्हणाले, "हे काय?"

"ही लाइन, सर. ही नसेल तर या रिळाने मासा पकडता येत नाही. त्या सकाळी ती दोरीवर वाळत होती, कूकने पाहिली आहे. आणि हा ट्रकचा नट. याला गळ नाही. गळाशिवाय कोणी मासे पकडत असेल तर मला दाखवा."

"वेडर्स?"

"पाणी थंड होतं आणि खडक निसरडा. नमद्याचा बूट आमच्याकडे तो एकच होता."

"त्याला पाण्यात कोणी पाठवलं?"

"मी. 'जा' म्हटलं आणि तो गेला."

"लाइफ जॅकेट?"

"नव्हती, सर."

"हे माहीत असून पाठवला?"

"होय, सर. पाणी वाढत होतं आणि दोन माणसं मध्ये होती. पुन्हा तीच सकाळ आली तर पुन्हा पाठवीन."

त्यांनी नट उलटसुलट करून पाहिला. मग कूकला, सुभेदारांना आणि वाचलेल्या दोघांना बोलावलं. दुसरा जवान रडायला लागला. त्याला पाणी दिलं आणि पुढे विचारलं.

निकाल महिन्याच्या शेवटी आला. नाईक जेरोम कर्तव्यावर असताना, सहकाऱ्यांना वाचवताना मरण पावला. मला डिस्प्लेजरचं, म्हणजे वरिष्ठांच्या नाराजीचं, पत्र मिळालं: सुरक्षेची साधनं नसताना माणूस पाण्यात उतरवल्याबद्दल. मी ते वाचलं, सही केली. पुढच्या वर्षी एक्स्टेन्शन मिळालं नाही आणि मी वसईला परत आले. त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की मी विषय बदलते.

सगळ्यांची अपेक्षा होती की मी मासेमारी सोडावी. आईने रॉड माळ्यावर टाकला. मी उतरवला. मासे पकडणं वाईट असतं तर सोडलं असतं. मी आठ नंबरचा जाड रॉड घेतला, खाऱ्या पाण्याला चालेल असं रीळ घेतलं, आणि ओहोटीला राजोडीच्या किनाऱ्यावर उभी राहू लागले. शनिवार-रविवारी फिरायला आलेली पोरं ओरडतात, "आंटी, समुद्राला चाबूक मारताय काय?" मारते. खाडीच्या तोंडाशी जिताडा लागला की हाताला जो झटका बसतो, तो त्या पोरांना कळायचा नाही. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ खाऊन टाकतं. आणि पहाटेची ओहोटी असेल तर थर्मास घ्या. अंगावर ऊन येईपर्यंत समुद्र तुमच्या एकट्याचा असतो. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पण पाचूबंदरचं सांगायचं राहिलं.

निकाल लागल्यावर मला आठ दिवसांची रजा मिळाली. तुळिंजला बॅग टाकली आणि त्याच दुपारी पाचूबंदरला गेले. घरांपुढे बांबूंवर बोंबील वाळत होते. जेरोमची आई, फिलोमिनाबाय, अंगणात बसून सुकी करंदी, ती बारीक कोलंबी, पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"तू ती मॅडम?"

"हो, मावशी."

"त्याच्या पत्रांत असायचीस. मासा पकडते नि सोडते."

"हो."

"माझा पोर गरवताना गेला?"

"नाही. कामावर गेला. दोन माणसं पाण्यात अडकली होती, त्यांना दोर पोचवला. दोघं वाचली. त्याला मी पाठवला होता."

सूप थांबलं. तिने वर पाहिलं, आणि मी सावधानमध्ये उभी आहे हे मला तेव्हा जाणवलं.

"तू पाठवलास."

"हो."

"दुसरा कोन नव्हता?"

"एवढं लांब फेकणारा नव्हता."

ती उठली, घरात गेली. शेजारणी दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती तार घेऊन बाहेर आली. घड्या पडून मऊ झालेला कागद.

"यात असं नाय लिवलेलं."

"ते चुकीचं होतं. आता बदललंय. नवा कागद तुम्हाला येईल."

"कागद मी कोनाला दाखवू? बाजारात कोन वाचतंय?" तिने तार माझ्या हातात दिली. "त्या दिवसापासून मी पाटी घेऊन बसते. बायका समोरून म्हनतात, कोल्याचा पोर नदीत बुडला ग, गरी घेऊन. मी कोनाकोनाला सांगू? मी आई, मी म्हननारच. तू सांग. तू होतीस."

"सांगेन."

"मना नको सांगू. मना कललं. त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी इस्त्रीचा युनिफॉर्म चढवला, तीन स्टार लावले. रजेवर तो घालायचा नसतो. मासळी बाजारात फिलोमिनाबायने पाटी मांडली, तशी मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि परेडला लावतात तो आवाज लावला. नाव, रँक, नदी, दोन जवान, दोर, खांदा, ओंडका. समोरच्या रांगेतली एक म्हणाली, "मग तारेत मासे पकडताना का लिवलं होतं?"

"लिहिणारा तिथे नव्हता. मी होते."

बाजार काही गप्प झाला नाही. मासळी बाजार कोणासाठी गप्प होत नाही. म्हणून मी पुन्हा सांगितलं. मग फिलोमिनाबायने एक पाटी उलटी घालून माझ्याकडे सरकवली, मी तिच्यावर बसले, आणि ती सुरमई कापत होती तोवर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिले: नाईक जेरोम, पाचूबंदर. ड्युटीवर गेला.